दाराचं रबर

मागच्या पावसाळ्यात, चाकणच्या तळेगाव चौकातून सुटून म्हाळुंग्याच्या दिशेला लागलो आणि पुन्हा अडकलो. समोर नव्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर होता. त्यावरच्या गाड्यांच्या बॉनेटला चिकटवलेली पांढरी फिल्म पावसात फडफडत होती. डाव्या बाजूला खड्ड्यात रुतलेली एक रिक्षा, तिच्या मागे डिझेलचा धूर, ओल्या मातीचा आणि कुठल्या तरी गाड्यावरच्या वड्याच्या तेलाचा एकत्र वास. त्या रिक्षाच्या आडोशाला एक पोरगा उभा होता. पाठीवर सॅक, अंगात कंपनीचा करडा शर्ट, पायात जाडजूड सेफ्टी शूज. त्यानं हात केला. गाडी तशीही हलत नव्हती, मी दार उघडलं. आत बसण्याआधी त्यानं बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडला, आणि मग बसायच्या ऐवजी दाराच्या चौकटीकडे बघत क्षणभर पावसातच थांबला. वरच्या कोपऱ्यावर त्यानं बोट ठेवलं आणि रबरावरून ते सावकाश खालपर्यंत फिरवत नेलं. मग आत बसला, दार ओढून घेतलं आणि ते बंद झाल्याचा आवाज ऐकून म्हणाला, "काका, ही आमच्याच कंपनीची. हे रबर मी बसवतो. डाव्या बाजूचं."

हिंगोलीकडचा होता. आयटीआय झालेला. म्हाळुंग्यात चौघांत एक खोली. रबर कसं बसवतात ते त्यानं मला न विचारता सांगितलं, आणि सांगताना त्याचे अंगठे आपोआप हलत होते. सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं असतं, जोड खालच्या बाजूला यावा लागतो, आणि कोपऱ्यावर घाई करून ताणलं तर त्या वेळी काहीच दिसत नाही, पण नंतर ते आखडतं आणि फट पडते. गाडी पुढे सरकत असते, तेवढ्या वेळात हात पुढच्या दाराला लागायला हवा. पहिला महिना अंगठे इतके सुजले होते की भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता, म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. पहिल्या महिन्यात सगळ्यांचेच सुजतात, असा सूर होता. मग थोडा वेळ तो काचेवरून ओघळणारं पाणी बघत बसला आणि त्यानं मला विचारलं, "काका, पावसात आत पाणी येतं का हो?"

नाही येत, मी म्हणालो. दोन पावसाळे झाले, एक थेंब नाही.

त्याला इतका आनंद झाला की मी अवघडलो. "इथं कळतच नाही ना," तो म्हणाला. "गाडी फुडं गेली की गेली." दिवाळीला त्याचा करार संपणार होता. त्यानंतर दुसऱ्या कंपनीत, मिळेल ते काम. ठेकेदार सांगेल तसं. म्हाळुंगे आलं, तो उतरला, दार लावलं आणि पुन्हा एकदा त्या आवाजाकडे कान देऊन गर्दीत गेला. हातानं केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायची एवढी ओढ असलेला माणूस, आणि ते कळायची त्याला मिळालेली एकमेव संधी म्हणजे चाकणच्या कोंडीत कुणीतरी अनोळखी माणसानं दार उघडणं. घरी पोचेपर्यंत, आणि नंतरही कितीतरी दिवस, हे मला बोचत राहिलं.

बोचलं त्याला कारण माझे वडील आहेत. ते कऱ्हाडकडून सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आयटीआयचा फिटरचा कागद घेऊन पिंपरी-चिंचवडला आले आणि टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागले. त्या काळात टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यातून एकही ट्रक बाहेर पडत नव्हता, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. साठीच्या दशकाच्या मध्यावर इथं काम सुरू झालं, ते अवजारं बनवण्याचं आणि माणसं शिकवण्याचं. यंत्रं बनवणारी यंत्रं, पत्र्याला आकार देणाऱ्या डाय, जिग, फिक्श्चर हे सगळं आधी स्वतःच्या हातानं करता आलं पाहिजे, मग गाडी, असा टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांचा हट्ट होता. पुण्यातून पहिला ट्रक निघाला तो 1977 साली. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं तो कारखाना मुख्यतः माणसं आणि अवजारं घडवत होता. त्याच माणसानं त्या उजाड, खडकाळ माळावर हजारो झाडं लावून घेतली आणि तळं केलं. पुढे त्यांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन सुमो आली, हे आमच्या भागातल्या पोरासोरांना पाठ असतं. पण त्या दहा वर्षांबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला तर त्यांचं खरं स्मारक तेच वाटतं.

वडिलांनी सांगितलेली शिकाऊपणाची गोष्ट लहानपणी मला कंटाळवाणी वाटायची. लोखंडाचा एक ठोकळा द्यायचे आणि कानशीनं घासून सपाट करायला सांगायचे. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. आठवडेच्या आठवडे. तळहाताला घट्टे पडायचे आणि शिकवणारे साहेब नुसते मान हलवून पुढे जायचे. एके दिवशी रेघ दिसत नाही. त्या दिवसानंतर, वडील म्हणतात, डोळ्यालाच कळायला लागतं. कुठं उंच आहे, कुठं खोल आहे, हे बोट फिरवलं तरी समजतं. आमच्या घरात नवं कपाट आलं की ते त्याच्या दारावरून बोट फिरवत, आणि सुतार घाबरत. त्या मुलानं रबरावरून बोट फिरवलं, तेव्हा मला आधी वडील दिसले, मग तो मुलगा.

वडिलांच्या शर्टाला कुलंटचा, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, एक आंबूस गोड वास असायचा. आई कपडे वेगळे भिजवायची, तरी तो वास पूर्ण जात नसे. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे अंधारात कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि यमुनानगरच्या गल्ल्यांतून डबे घेतलेली माणसं एकेक करून निघायची. पर्मनंट नोकरी म्हणजे सोसायटीचं कर्ज, कर्ज म्हणजे दोन खोल्यांचं घर, घर म्हणजे गावाकडून शिकायला आलेला चुलतभाऊ, आणि त्याच्यामागून आणखी एक. प्राधिकरणातली, चिंचवडच्या संभाजीनगरातली, यमुनानगरातली किती घरं अशी उभी राहिली असतील. सगळं सुरळीत होतं असं मुळीच नाही. 1989 च्या सप्टेंबरात टेल्कोच्या संपातले कामगार त्यांचे नेते राजन नायर यांच्यासोबत शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना पहाटे उचललं, तेव्हाचे दिवस मला आठवतात. आमच्या चाळवजा इमारतीत संपातले आणि कामावर जाणारे शेजारी-शेजारी राहत होते, आणि बायकासुद्धा नळावर एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरीही ती भांडणं एकाच घरातली होती. भांडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वीस वर्षांनीही आपण याच गेटातून आत जाणार आहोत.

आणि रविवार. रविवारी वडील मला सायकलवर डबलसीट घेऊन निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जायचे. तिथं पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतचे ड्रायव्हर गाड्या लावून स्टोव्हवर स्वयंपाक करत असत. वडील एखाद्या ट्रकपाशी थांबत, ड्रायव्हरला तंबाखू देत आणि विचारत, "गिअर कसा पडतो?" ते गिअरबॉक्सच्या शॉपमध्ये होते. ड्रायव्हर लोक मोकळेपणी सांगत. थंडीत सकाळी सकाळी दुसरा अडतो. घाटात तिसरा उडतो. बोरघाटात तर एकदा लिव्हर हातात आला होता, असं एकजण हसत हसत म्हणाला होता आणि वडिलांना हसू आलं नव्हतं. ते खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेत. सोमवारी ते कुणाला सांगत, त्याचं पुढं काय होई, हे मला माहीत नाही. पण त्या माणसाला आपल्या कामाचं रस्त्यावर काय होतंय हे ठाऊक होतं, आणि उद्या ते सुधारायला तो स्वतःच तिथं असणार होता.

त्या काळात गाडी ही बघायची गोष्ट होती. 1980 च्या आसपास सगळ्या देशात मिळून वर्षाला चाळीसेक हजार मोटारी बनत. कुर्ल्यात फियाट, म्हणजे जिचं नाव पद्मिनी झालं ती. बंगालात उत्तरपाड्याला अॅम्बॅसॅडर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. आमच्या आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठीसुद्धा लग्नाआधी नंबर लावावा आणि स्कूटर बारशाला यावी अशी गत होती. मग 1983 च्या डिसेंबरात गुडगावहून मारुती आली आणि 1993 मध्ये मोटारी बनवण्यावरचं परवान्याचं बंधन उठलं. आज या देशात वर्षाला चाळीस लाखांहून जास्त प्रवासी गाड्या बनतात आणि 2022 मध्ये विक्रीत आपण जपानलाही मागे टाकलं. शंभर पटींची ही वाढ माझ्या एका आयुष्यात झाली. त्यातला मोठा वाटा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरात घडला. मर्सिडीज आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली जायची, 2009 मध्ये ती चाकणला स्वतःच्या जागेत गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मग महिंद्रा आली. तळेगावात जनरल मोटर्स, रांजणगावात गणपतीच्या पलीकडे फियाट. आणि या सगळ्यांच्या पोटात भोसरी, तळवडे, कुरुळी, खराबवाडी इथल्या शेडमधून दिवसरात्र चालणारे पॉवर प्रेस, जिथं बिजागऱ्या, ब्रॅकेट, क्लिपा, नळ्या बनतात. भोसरीच्या एमआयडीसीत रात्री उभं राहिलं तर पायाखालची जमीन प्रेसच्या ठोक्यांनी थरथरते. ज्यानं ती थरथर एकदा अनुभवली आहे त्याला कुठल्याही गाडीकडे नुसती एक वस्तू म्हणून बघता येत नाही.

इंडिकाच्या वेळचा वडिलांचा चेहरा मी विसरणार नाही. 1998 च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. ट्रक बनवणारी कंपनी, आपल्याच लोकांच्या आराखड्यावर, संपूर्ण मोटार बनवते आहे, याला बाहेर बरेच जण वेडेपणा म्हणत होते. ऑस्ट्रेलियातलं गाड्या बनवणं निसाननं 1992 मध्ये थांबवलं होतं. तिथल्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन, सुटी करून, जहाजांनी आणून पुण्यात पुन्हा उभी केली गेली. वडील सांगायचे, खोकी उघडताना काही यंत्रांवर तिथल्या कामगारांनी खडूनं, मार्करनं लिहिलेली नावं, आकडे, कसल्या कसल्या खुणा तशाच होत्या. पुसायला सांगितलं तेव्हा हात थबकायचा, म्हणायचे. बुकिंग उघडलं आणि लाखाहून जास्त लोकांनी पूर्ण पैसे भरून गाडी मागितली. नंतर पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी आल्या आणि त्या तक्रारींवर काम होऊन 2001 मध्ये व्ही-टू आली, ती लोकांनी डोक्यावर घेतली. ती दोन-तीन वर्षं वडील सगळ्यात दमलेले आणि सगळ्यात आनंदी होते. मला आता कळतं की तक्रार आल्यावर ती दुरुस्त करता आली, कारण ज्यांनी गाडी बनवली ते लोक तिथंच होते. वीस-पंचवीस वर्षं कानस, गुण्या आणि डाय यांच्याबरोबर काढलेले. त्या ठोकळ्याची किंमत तिथं वसूल झाली.

चाकण मला आधी कांद्यासाठी माहीत होतं. लहानपणी मामाबरोबर तिथल्या बाजारात गेलो होतो. पोत्यांची थप्पी, सालपटांचा लालसर थर आणि नाकात चढणारा उग्र गोडसर दर्प. जवळच संग्रामदुर्गाचे उरलेसुरले बुरूज. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 मध्ये शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढं पन्नासहून जास्त दिवस तो एवढासा भुईकोट लढवला, हे मामा दर वेळी नव्यानं सांगायचा. त्या मामाच्या सासुरवाडीची जमीन पुढे एमआयडीसीत गेली. पैसे आले, भावाभावांत वाटण्या झाल्या, कोर्टात दावे लागले, दोन बंगले झाले, एक बोलेरो, एक स्कॉर्पिओ. एका मामेभावानं शहाणपणानं खोल्या बांधल्या. आज त्याच्या भाड्यावर घर चालतं. दुसऱ्याला कंपनीत कँटीनला पाणी पुरवायचा ठेका मिळाला. तिसऱ्याकडे काहीच उरलेलं नाही आणि तो त्याबद्दल बोलत नाही. मी त्यांच्याकडे गेलो की गच्चीवरून कारखान्याचे निळे-पांढरे पत्रे दिसतात, आणि मामी हात दाखवून सांगते, तिथं आपली विहीर होती. तिच्या आवाजात दुःख आहे, पण तिच्या नातीची इंजिनिअरिंगची फी त्याच जागेच्या पैशातून गेली, हेही ती लगेच सांगते. दोन्ही खरं आहे आणि ती दोन्ही एका दमात सांगते.

त्या मामेभावाच्या खोल्यांत तो हिंगोलीचा मुलगा राहतो तसेच मुलगे राहतात. लातूर, परभणी, बुलढाणा, यवतमाळ, हल्ली बिहार आणि ओडिशाही. एका खोलीत तीन शिफ्टचे लोक असले की गाद्या कधी थंड होत नाहीत. दाराबाहेर सेफ्टी शूजची रांग, दोरीवर वाळत घातलेले एकाच रंगाचे शर्ट, शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं. कुणी ट्रेनी आहे, कुणी ठेकेदाराकडे, कुणी सरकारच्या नीम योजनेतून शिकाऊ म्हणून आला होता आणि शिकाऊच राहून गेला. 2013 मध्ये ती योजना आली तेव्हा कागदावर हेतू चांगला होता, मुलांनी काम करता करता शिकावं. पण ज्या जागेवर कायम काम असतं त्या जागेवर कायम शिकाऊ माणूस उभा करण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. महिने भरले की कार्ड बंद. मग दुसरं गेट, दुसरा शर्ट, दुसरं काम. काल रबर, उद्या सीट, परवा वायरिंग. प्रत्येक ठिकाणी अंगठे पुन्हा सुजतात, आणि सूज उतरून हाताला समज येते न येते तोच निरोप.

हे लिहिताना मला माझ्याच वडिलांच्या काळाचं सोनं करून ठेवायचं नाही. त्या गाड्या आजच्या गाड्यांपुढं टिकल्या नसत्या. तेव्हाच्या दारांतून पाणी यायचं. पावसाळ्यात फियाटमध्ये पायाखाली पोतं अंथरलेलं मी पाहिलं आहे. आजच्या गाडीचा रंग, तिचं वेल्डिंग, अपघातात तिचं माणसाला सांभाळणं, याची तुलनाच नाही. चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगनच्या व्हेंटो गाड्या मेक्सिकोच्या रस्त्यांवर गेल्या आणि तिथं चालल्या. हिंगोलीच्या त्या मुलालाही गावात राहून कोरडवाहू सोयाबीनच्या भरवशावर काय मिळालं असतं, हे मला ठाऊक आहे. तो घरी पैसे पाठवतो, बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं आहे, असं त्यानं अभिमानानं सांगितलं होतं. कारखाना आला नसता तर बरं झालं असतं, असं म्हणणारा माणूस माझ्या ओळखीत नाही, आणि मीही तो नाही. म्हणूनच बोचतं. इतकं चांगलं करता येतं हे सिद्ध झालेलं असताना माणसाच्या बाबतीत आपण इतक्या थोड्यावर का थांबलो?

जपानी लोकांनी जगाला शिकवलेल्या पद्धतीत लाइनवर एक दोरी असते. चूक दिसली की साध्यातल्या साध्या कामगारानं ती ओढायची, वेळ पडली तर सगळी लाइन थांबवायची, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलायचं नाही. मला त्या पद्धतीतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पण दोरी ओढायला मनगटापेक्षा खात्री जास्त लागते. आपल्याला जे दिसलं ते बरोबर आहे याची, आणि ओढली तर उद्या आपलं कार्ड चालेल याची. पहिली खात्री वर्षांनी येते आणि दुसरी पर्मनंट झाल्यावर. दिवाळीला जायचं असलेला मुलगा ती दोरी कितीदा ओढेल?

चाकणच्या बजाज ऑटोत 2013 च्या उन्हाळ्यानंतर सुमारे पन्नास दिवस काम बंद होतं. तिथं मोटरसायकली बनतात, मोटारी नाही, पण भाग एकच आणि माणसंही तीच. त्या वेळी कामगार संघटनेच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दरानं द्यावेत. वर्तमानपत्रांतून तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती मान्य झाली नाही. हिशेबाच्या दृष्टीनं ती बरोबर होती की चूक, यात मी शिरत नाही. पण त्या मागणीतली इच्छा मला ओळखीची वाटली होती. मी बनवलेल्या वस्तूच्या पुढच्या आयुष्यात माझा काही संबंध राहू द्या, एवढंच ते म्हणत होते. पैशाच्या भाषेत म्हणत होते, कारण वाटाघाटीच्या टेबलावर तीच एक भाषा ऐकली जाते.

तळेगावात तर पर्मनंट माणसांचंही निभावलं नाही. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये कंपनीनं इथं गाड्या विकणं बंद केलं आणि 2020 च्या डिसेंबरात निर्यातीचं उत्पादनही थांबलं. एका चिनी कंपनीबरोबरचा व्यवहार रखडून मोडला, आणि 2023 मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घेतला. मधल्या काळात कामगार कोर्टात आणि रस्त्यावर होते. मुंबई-पुणे हायवेवरून जाताना ते रिकामं पार्किंग दिसायचं तेव्हा मला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या खोक्यांवरची ती नावं आठवायची. यंत्रं पुन्हा विकत घेता येतात, पुन्हा चालू होतात. आता तळेगावातून पुन्हा गाड्या निघताहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. चाळिशी ओलांडलेल्या, पेंट शॉपमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाला मात्र कुणी खोक्यात घालून दुसरीकडे नेत नाही.

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. वेटिंग रूम स्वच्छ होती का, चहा विचारला का, गाडी वेळेवर मिळाली का, दहापैकी किती गुण द्याल. मी तिला सांगितलं, माझं एक म्हणणं लिहून घ्या: डाव्या बाजूच्या दोन्ही दारांचं रबर उत्तम बसवलेलं आहे, तीन पावसाळे पाणी आलेलं नाही, हे कारखान्यात कळवा. ती थोडी गोंधळली. "सर, तसा ऑप्शन नाहीये," म्हणाली, मग म्हणाली, "मी रिमार्कमध्ये टाकते." चांगली मुलगी होती. ती स्वतःही कुठल्या तरी ठेकेदाराकडेच असेल.

वडील आता सत्तरीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, प्रेसच्या आवाजात आयुष्य गेलेल्या बहुतेकांना येत नाही. त्या मुलाची गोष्ट मी त्यांना दोनदा, मोठ्यानं सांगितली. रबराचा जोड खाली घ्यावा लागतो हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणाले. पाण्याबद्दलचा प्रश्न सांगितला तेव्हा मात्र ते एकदम रागावले, माझ्यावरच रागावल्यासारखे. "असं विचारणारा पोरगा शंभरात एक मिळतो. त्याला दिवाळीला सोडतात? त्याच्या हाताखाली दहा पोरं द्यायला पाहिजेत!" संध्याकाळपर्यंत ते त्यावरच होते. जेवताना म्हणाले, आमचे साहेब असते तर त्याला शोधून काढलं असतं.

महाराष्ट्रात आता विजेवरच्या गाड्यांचे, बॅटऱ्यांचे नवे कारखाने यायच्या घोषणा होताहेत. प्रत्येक घोषणेत दोन आकडे असतात, गुंतवणूक किती कोटींची आणि रोजगार किती हजारांना. मला त्यासोबत तिसरा आकडा हवा आहे: त्या हजारांतले किती जण तीन वर्षांनी त्याच स्टेशनवर, त्याच कामात, आणखी तयार होऊन उभे असतील. तो जाहीर करणं कंपन्यांना अवघड नाही आणि करारात तो मागणं सरकारलाही अवघड नाही. जमीन, पाणी, वीज आणि करांतली सवलत आपण देतो, तेव्हा एवढं विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. सर्व्हिस सेंटरमधून प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तक्रारीची माहिती कंपनीकडे जातेच. त्यातला एक कागद दर पावसाळ्यानंतर लाइनवर लावावा, की कुठल्या महिन्यात बनलेल्या किती गाड्यांत पाणी आलं आणि कुठल्या दारातून. तो कागद वाचणारे मुलगे त्या महिन्यात त्या दाराशी होते तेच असतील, एवढी व्यवस्था मात्र आधी करावी लागेल.